लहान कारखान्यात समान वागणूक: सुरुवात कुठून करायची आणि हिशेब कसा ठेवायचा

गिरणगावात एके काळी दलित कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, काम मिळत नसे. सूत तुटलं की विणकऱ्याला धोट्याच्या, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या शटलच्या, भोकातून ते तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला ‘त्याचं’ तोंड लागलं तो आम्ही कसा लावायचा, असं बाकीच्यांचं म्हणणं. विणाईत पगार जास्त होता. म्हणजे हातात कसब असलेला माणूस केवळ जातीमुळे कमी पगाराच्या खात्यात अडकून पडायचा आणि गिरणीही त्या कसबाला मुकायची. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ साली लिहिलं, तेव्हा त्यात कार्यक्षमतेचाही मुद्दा होता: माणसाची आवड आणि कुवत न पाहता काम जन्मावर ठरवलं, तर ते काम चांगलं होणार कसं?

मी गेली अठरा वर्षं भोसरी आणि चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत पर्सोनेलचं काम करते आहे. जवळपास प्रत्येक शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या खात्यात, मला असा एखादा धोटा सापडला. कुठे ‘बायकांना जमत नाही’ असं मशीन, कुठे ‘आपल्या गावची पोरं सोडून कुणी टिकत नाही’ अशी लाइन, कुठे ‘ऐकू येत नसलेला माणूस प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) नको’ असा न लिहिलेला नियम. हा लेख चाळीस ते दीडशे माणसांचा कारखाना चालवणाऱ्या मालकांसाठी आणि त्यांच्या पर्सोनेलवाल्यांसाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वेगळं खातं असतं. तुमच्याकडे तुम्हीच असता.

सुरुवातीला पुराव्याबद्दल थोडं. सल्लागार कंपन्यांच्या अहवालांत ‘संचालक मंडळात विविधता असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात’ असं वाचायला मिळतं. त्यावर डोळे मिटून विसंबू नका. नफ्यातल्या कंपनीला चार चांगली धोरणं परवडतात, असंही असू शकतं. जास्त भक्कम पुरावा दुसरीकडे आहे. अमेरिकेत १९६० साली डॉक्टर आणि वकिलांपैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते, २०१०पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं. अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या पन्नास वर्षांत दरडोई उत्पादनात झालेल्या वाढीतला २० ते ४० टक्के वाटा हा बायका आणि कृष्णवर्णीयांना आपापल्या कुवतीचं काम मिळू लागल्याचा निघाला. देशाचं जे झालं, ते कारखान्याचंही होऊ शकतं. मात्र त्यासाठी कामाची रचना बदलावी लागते. भिंतीवर पोस्टर लावून काही होत नाही.

पहिलं काम: गळती मोजा

मालक विचारतात, हे सगळं करून मिळणार काय? मी म्हणते, आत्ता जातंय काय ते आधी बघू. गेल्या दोन वर्षांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढा आणि सोडून गेलेल्यांची यादी करा: कोण, किती महिने टिकलं, कोणत्या लाइनवर, कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली. ही यादी बाई-पुरुष, कायम-कंत्राटी, स्थानिक-बाहेरगावचे अशी वेगवेगळी लावून बघा.

मग पैशांचा हिशेब. समजा, तुमच्याकडे साठ ऑपरेटर आहेत आणि वर्षात चोवीस जण गेले. नव्या माणसाचा मशीनवर हात बसायला तीन आठवडे लागतात, पगार अठरा हजार. म्हणजे पूर्ण काम न मिळता दिलेला पगारच माणशी साडेबारा हजारांच्या आसपास, आणि चोवीस जणांचे झाले तीन लाख. त्यात पहिल्या महिन्यातलं रिजेक्शन (बाद झालेला माल), सुपरवायझरचा गेलेला वेळ आणि तुटलेली हत्यारं धरलेली नाहीत. स्वतःचे आकडे घालून बघा. हा खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही, म्हणून तो कमी करायचं कुणाच्या मनात येत नाही.

राजीनाम्यावरच्या ‘घरगुती कारण’ या दोन शब्दांवर थांबू नका. एका ठिकाणी दोन वर्षांत नऊ बायकांनी हेच कारण लिहिलं होतं. त्यांतल्या दोघींना मी त्यांच्या घरी जाऊन भेटले. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटायची आणि कंपनीच्या गेटपासून हायवेपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरवर एकही दिवा नव्हता. एकीचा नवरा रोज न्यायला यायचा. त्याची नाइट शिफ्ट सुरू झाली आणि हिने नोकरी सोडली. पाचशे मीटरचा अंधार निघाला ते घरगुती कारण.

दुसरं काम: पगारपत्रक टेबलावर घ्या

हे मालकांना सगळ्यात नकोसं वाटतं, आणि फायदा सगळ्यात लवकर इथेच दिसतो.

पगारपत्रकात हुद्दा बघू नका, काम बघा. इन्स्पेक्शन टेबलवर उभे राहा. एक बाई गो–नो गो गेज (नग मापात आहे की नाही एवढंच सांगणारं माप) लावून दिवसाला शेकडो नग तपासते, खराब नग लाल बिनमध्ये टाकते, रजिस्टर भरते. पगारपत्रकात ती ‘हेल्पर’ असते. शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा मुलगा ‘ज्युनिअर इन्स्पेक्टर’, आणि दोघांच्या पगारात तीन-चार हजारांचा फरक. विचारलं तर उत्तर येतं, ‘त्याने आयटीआय केलंय.’ पण त्या कामाला आयटीआय लागतं का? लागत असेल, तर ती बाई चार वर्षं ते काम कसं करतेय?

एकसारख्या कामाला बाई-पुरुष म्हणून वेगळा पगार देणं १९७६च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे, आणि ही तरतूद आता वेतन संहितेत आली आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये चारही श्रमसंहिता लागू झाल्या, त्यामुळे जुन्या कायद्यांचे कलम-क्रमांक आणि फॉर्म बदलत आहेत. तपशील तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून तपासून घ्या. तत्त्व तेच आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब सांगतो. ओडिशात रोजंदारीवर उत्पादनाचं काम करणाऱ्या कामगारांवर झालेला एक प्रयोग मी प्रत्येक मालकाला सांगते. एकाच गटात बसून सारखंच काम करणाऱ्यांना वेगवेगळी मजुरी दिली, तेव्हा ज्यांना कमी मिळत होती त्यांचं काम तर घसरलंच, त्यांची हजेरीही १८ टक्के-अंकांनी खाली आली. रोजची मजुरी सोडून माणसं घरी बसली. पण जिथे कुणाचं काम किती होतं हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे मजुरीतल्या फरकाने काही बिघडलं नाही. फरक असायला हरकत नाही. त्याचं कारण शेजारी बसलेल्याला दिसलं पाहिजे.

म्हणून असं करा. तुमच्या शॉपमध्ये स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं ते दाखवणारा, तक्ता लावलेला असेलच, चार भागांच्या गोलांचा. बहुतेक ठिकाणी तो ग्राहकाच्या ऑडिटपुरता असतो. तोच पगाराला जोडा. एक भाग भरला की अमुक पगार, दोन भरले की तमुक. भाग भरायची परीक्षा कोणती, घेणार कोण आणि वर्षातून किती वेळा, हे तक्त्याखाली लिहा. मग जुन्या लोकांना त्यांच्या खऱ्या पातळीवर आणा. एकदम जमत नसेल तर दोन वाढींमध्ये आणा, पण तारीख जाहीर करा. ‘बघू’ हा शब्द वापरू नका, कारण तो त्यांनी खूप वर्षं ऐकलेला आहे.

कंत्राटी कामगारांचा पगार कंत्राटदार ठरवतो, हे मला मान्य नाही. दर तुम्ही देता, अट तुम्ही घालू शकता.

तिसरं काम: भरतीतून नाव काढा, हात बघा

आपले अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. पदवी तीच, अनुभव तोच. म्हणजे चांगला उमेदवार दारात आला होता आणि कंपनीने दार न उघडताच त्याला परत पाठवला.

लहान कारखान्यात भरती ओळखीने होते. सुपरवायझर आपल्या गावचा मुलगा आणतो, तो आपला चुलतभाऊ आणतो. हे सोयीचं असतं. पण गावाला जत्रा लागली की अख्खी लाइन रिकामी होते, आणि एकाशी भांडण झालं की सहा जण एकदम जातात. एकाच ठिकाणाहून माणसं घेणं हा धंद्यातला धोका आहे, एकाच ग्राहकावर अवलंबून राहण्यासारखाच.

पद्धत साधी ठेवा. आधी हाताची परीक्षा, मग बोलणं. उमेदवाराला नंबर द्या. व्हर्निअर (बारीक मोजमापाचं साधन) वाचायला द्या, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) विचारा, दहा नगांतले खराब ओळखायला सांगा. गुण नंबरापुढे लिहा. मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारा, आणि दोघांनी एकमेकांचं न बघता गुण द्यावेत. ‘मूळ गाव कुठलं’, ‘आडनाव काय’, ‘लग्नाचं बघताय का’, ‘मुलं लहान आहेत का’ हे प्रश्न कागदावरच बाद करा. विचारले की उत्तर मनात राहतं, कितीही चांगला माणूस असला तरी.

आणि जाहिरात कुठे जाते तेही बघा. मुलींच्या आयटीआय, बचत गटांचे महासंघ, कर्णबधिर मुलांच्या शाळा, समाजकल्याणची वसतिगृहं या ठिकाणी कंपनीकडून सहसा कुणी जात नाही. एकदा जाऊन या. देशात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण) सरकारी पाहणीत २०१७-१८ला २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ला ४१.७ टक्के झाला. पण ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातली आहे, शेती आणि स्वयंरोजगारातली. काम करायला तयार असलेल्या बायका वाढल्या, कारखान्याचं गेट मात्र त्यांच्यासाठी फारसं उघडलं नाही.

चौथं काम: जागा आणि हत्यारं

‘बायकांना जमत नाही’ हे वाक्य ऐकलं की मी वजनकाटा मागवते.

एका प्रेस शॉपमध्ये भरलेला लोखंडी ट्रे उचलून पुढच्या मशीनवर न्यायचा होता. वजन निघालं २४ किलो. सुपरवायझर म्हणाले, ‘मॅडम, म्हणूनच म्हणतो, हे पुरुषांचं काम आहे.’ मी तिथल्या तीन पुरुषांना विचारलं, कंबर दुखते का? तिघांचीही दुखत होती. एकाने शर्ट वर करून पट्टा दाखवला. आम्ही ट्रे बदलले, बारा किलोचे प्लॅस्टिक बिन आणले आणि दोन मशीनच्या मध्ये रोलरचा सहा फुटी कन्व्हेअर टाकला. बुटक्या ऑपरेटरसाठी पायाखाली लाकडी पाट केला. दोन महिन्यांनी त्या लाइनवर चार बायका होत्या, आणि पट्टा बांधणारा तो माणूस मला म्हणाला, ‘हे आधीच का नाही केलं?’ ट्रे सगळ्यांसाठीच चुकीचा होता. पुरुष सहन करत होते, एवढंच.

यादी अशी करा: बायकांसाठी वेगळं, कडी लागणारं, पाणी आणि दिवा असलेलं स्वच्छतागृह, तेही शॉपपासून जवळ. लांब असलं की बायका पाणी पिणं कमी करतात आणि मूत्रमार्गाच्या आजाराने खाडे वाढतात. हे कुणी सांगत नाही, पण मस्टरमध्ये दिसतं. पॅडसाठी झाकणाची बादली. बदलायची खोली. बुटक्या आणि उंच दोघांना चालतील अशी टेबलं. हातमोजे आणि सेफ्टी शूज लहान मापातले, कारण सैल हातमोजा मशीनजवळ धोक्याचा असतो. कर्णबधिर कामगार असेल तर भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा. गोंगाटाच्या शॉपमध्ये तो दिवा सगळ्यांच्याच कामी येतो. संध्याकाळी सातनंतरच्या शिफ्टसाठी बाईची संमती घ्यावी लागते आणि सुरक्षेची जबाबदारी तुमची असते. बस घरापर्यंत जाते की नाक्यापर्यंत, हे स्वतः एकदा त्या बसमध्ये बसून बघा.

अपंग व्यक्तींच्या २०१६च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं. बहुतेक लहान कारखान्यांना हे ठाऊकच नसतं. दोन पानांचं काम आहे, करून टाका.

पाचवं काम: बाळंतपणाच्या रजेची भीती काढा

मालकांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती ही, आणि ती बहुतांशी चुकीच्या माहितीवर उभी आहे. ‘बाई घेतली की सहा महिने फुकट पगार.’ खरं काय आहे? पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७पासून आहे. पण ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्या ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, येतात, आणि त्यांचा रजेतला पैसा ईएसआय महामंडळ देतं. मालक देत नाही. तुम्ही दरमहा भरता ते पगाराच्या सव्वातीन टक्के, आणि ते बाई असो की पुरुष, सगळ्यांसाठी सारखंच. लहान कारखान्यातल्या बहुतेक ऑपरेटर या मर्यादेत बसतात. फक्त त्यांची वर्गणी वेळेवर आणि खऱ्या दिवसांची भरा. मागच्या दोन वर्गणी-काळांत (प्रत्येक सहा महिन्यांचा) मिळून ७० दिवसांची वर्गणी नसेल तर तिचा हक्क बुडतो, आणि तो तुमच्या हलगर्जीने बुडालेला असतो.

पगार २१ हजारांच्या वर असेल तर खर्च तुमचा. तेव्हा पहिल्या कामातला हिशेब काढा आणि चार वर्षांचा अनुभव गमावून नवी व्यक्ती शिकवण्याचा खर्च शेजारी मांडा.

रजेच्या जागी अॅप्रेंटिस किंवा दुसऱ्या लाइनवरचा माणूस तयार ठेवा. स्किल मॅट्रिक्स खरा असेल तर तो कुठे मिळेल हे लगेच दिसतं. परत येणारीला तिची जागा आणि तिचा पगार द्या. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची जबाबदारी येते. एकट्याला जड जात असेल तर शेजारच्या दोन-तीन युनिटनी मिळून करता येतं का, ते बघा.

सहावं काम: तक्रारीची जागा

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३च्या कायद्याने सक्तीची आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी. समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. नावं आणि फोन नंबर बायकांच्या बदलायच्या खोलीत लावा, ऑफिसच्या काचेच्या कपाटात नको.

पण रोजचं दुखणं कायद्याच्या अलीकडचं असतं. डबा खाताना कोण कुणाच्या टेबलावर बसत नाही, कुणाला आडनावावरून हाक मारतात, कुणाच्या भाषेची नक्कल होते, ‘कोटावाला’ कुणाला म्हणतात. एक दिवस कँटीनमध्ये नुसतं बसा. जे दिसेल ते सुपरवायझरच्या मीटिंगमध्ये नावं न घेता सांगा, आणि पुढच्या वेळी नावं घेऊन.

सातवं काम: सुपरवायझर

वरचं सगळं केलं आणि सुपरवायझर तोच जुना राहिला, तर सहा महिन्यांत सगळं मूळपदावर येतं. विविध माणसं एकत्र आणली की काम आपोआप सुधारतं, असंही नाही. केनियातल्या एका फुलांच्या कारखान्यात तिघांच्या टोळ्या होत्या. एक जण फुलं पुरवायचा, दोघे जुड्या बांधायचे. पुरवणारा दुसऱ्या जमातीच्या माणसाला कमी फुलं द्यायचा, त्यात स्वतःची कमाई कमी होत असूनही. २००८च्या सुरुवातीला तिथे वांशिक हिंसा झाल्यावर हे आणखी वाढलं. मग मालकाने जुड्या बांधणाऱ्या दोघांना त्यांच्या एकत्रित कामावर पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या दोघांत केला जाणारा दुजाभाव जवळपास थांबला. म्हणून इन्सेंटिव्ह अख्ख्या लाइनच्या कामावर द्या, आणि मटेरियल कुणाला आधी मिळतं, ओटी (ओव्हरटाइम) कुणाला मिळते, सोपं मशीन कुणाकडे जातं, हे सुपरवायझरच्या मर्जीवर ठेवू नका. आठवड्याचा रोटेशनचा तक्ता लावा.

दुसरं, बायकांमधून लीडर तयार करा. बेंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या बायकांना बोलणं, वेळेचं नियोजन, अडचण मांडणं असं शिकवलं, तर त्यांचं उत्पादन वाढलं आणि प्रशिक्षणाच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त पैसे काही महिन्यांतच कंपनीला परत मिळाले. आपल्याकडे सुपरवायझर करताना ‘आवाज मोठा आहे का’ हे बघतात. रिजेक्शन कुणाच्या टेबलावर कमी आहे ते बघा.

मग आकडे पाहा

दर महिन्याला एकच कागद. सोडून गेलेले, खाडे, दर हजार नगांमागे रिजेक्शन, ओटीचे तास, एकाच कामातला पगाराचा फरक, स्किल मॅट्रिक्समध्ये तिसऱ्या भागावर पोचलेले किती आणि त्यात बायका किती. हे सगळं लाइनवार. वर्षाने नफा-तोट्यात बघायला जाल तर काहीच कळणार नाही, कारण स्टीलचा भाव आणि ग्राहकाचं शेड्यूल सगळं झाकून टाकतात.

पहिले तीन महिने आकडे बिघडतील. नव्या लोकांचा हात बसलेला नसतो, जुने नाराज असतात, एखादा सुपरवायझर मुद्दाम अडवतो. इथे बहुतेक मालक धीर सोडतात आणि म्हणतात, करून बघितलं, नाही जमलं. म्हणून एकाच लाइनवर सुरू करा, शेजारची लाइन जशी आहे तशी ठेवा, आणि सहा महिने दोन्हींचे आकडे एकाच कागदावर लिहा. प्रेस शॉपच्या त्या लाइनवर चौथ्या महिन्यात खाडे उतरायला लागले. सातव्या महिन्यात शेजारच्या लाइनचे सुपरवायझर स्वतः ऑफिसात आले आणि म्हणाले, ‘मॅडम, आम्हालाही ते रोलर पाहिजेत. आणि त्या दोन मुली इकडे देता येतील का?’